चित्रकार्डांच्या मांडणीचे शास्त्र आणि त्यातील पेच

संग्रह करणे आणि संग्रह दाखवणे या दोन वेगळ्या, आणि पुष्कळदा एकमेकींच्या मुळावर येणाऱ्या, क्रिया आहेत, ही गोष्ट नाणी जमवणाऱ्यांना कदाचित निवृत्तीनंतर उमगत असेल. चित्रकार्डे जमवणाऱ्यांना मात्र ती पहिली शंभर कार्डे हाती येताच उमगते. चित्रकार्ड या शब्दाने येथे जगभर ट्रेडिंग कार्ड म्हणून ओळखली जाणारी वस्तू अभिप्रेत आहे, म्हणजे जाड कागदाचा असा छोटा तुकडा, की ज्याच्या पुढच्या बाजूला खेळाडू, जहाज, किल्ला, पक्षी किंवा निसर्गाने कधीच निर्माण न केलेला एखादा प्राणी यांचे रंगीत चित्र असते, मागच्या बाजूला त्याची माहिती असते, कोपऱ्यात मालिकेतील अनुक्रमांक असतो, आणि मालिका पुरी करायची तर आपल्याकडचे दुबार कार्ड देऊन दुसऱ्याकडचे मिळवावे लागेल ही अट कुठेही न छापता सर्वांना मान्य असते. अमेरिकेतील टॉप्स या कंपनीने १९५७ मध्ये स्वीकारलेले अडीच इंच रुंद व साडेतीन इंच उंच हे माप आज बहुतेक सर्वत्र रूढ झाले आहे. ते तळहातावर नीट मावते आणि भिंतीवर हरवते.

या वस्तूची मांडणी अवघड का, याची कारणे तिच्या घडणीतच आहेत. एक कार्ड लावले तर ते दिसत नाही आणि शंभर एकत्र लावली तर त्यांतले एकही दिसत नाही. कार्डाला पाहण्याजोग्या दोन बाजू असतात आणि भिंतीला एकच. उजेडाशिवाय ते दिसत नाही आणि उजेडाने ते फिके पडते. शिवाय ते हातात घेऊन उलटसुलट करून पाहण्यासाठीच जन्मलेले असते, पण हात लागत गेले की त्याचे कोपरे झिजतात आणि किंमत उतरते. परिणामी संग्राहकाला आपले कार्ड सर्वांनी पाहावे असे मनापासून वाटते, आणि कोणीही त्याच्या जवळ येऊ नये असेही तितक्याच मनापासून वाटते. मांडणीचे आजवर निघालेले सारे प्रकार हे या दोन इच्छांमध्ये घडवून आणलेले तह आहेत, आणि राजकीय इतिहासातील बहुतेक तहांप्रमाणे तेही संधी मिळताच एका पक्षाने मोडण्यासाठी केलेले असतात.

मुळात या वस्तूचा जन्म प्रदर्शनासाठी झालेलाच नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत सिगारेटी कागदी पाकिटांतून विकल्या जात, ते पाकीट खिशात चेपून आतल्या सिगारेटी मोडू नयेत म्हणून त्यात पुठ्ठ्याचा एक ताठ तुकडा घालीत, आणि हा तुकडा कोरा ठेवण्यात काय अर्थ आहे असा विचार व्यापाऱ्यांनी केल्यावर त्यावर नट्या, मुष्टियोद्धे आणि बेसबॉलपटू अवतरले. व्हर्जिनियातील रिचमंड येथील ॲलन अँड गिंटर कंपनीने १८८०च्या दशकात अशा मालिका काढल्या. ब्रिटनमध्ये विल्स कंपनीने १८९५ मध्ये जहाजे व खलाशी यांच्यावरची मालिका काढली, आणि काही वर्षांतच रणजितसिंहजींसारखा राजघराण्यातील फलंदाजही तंबाखूच्या वासासकट लोकांच्या खिशात जाऊन बसला. वडिलांनी ओढावे आणि मुलांनी जमवावे अशी या उद्योगातील श्रमविभागणी होती. पन्नास कार्डांची मालिका पुरी व्हायची, आणि त्यातही तेच ते कार्ड पुनःपुन्हा निघायचे, तर वडिलांना किती पाकिटे संपवावी लागतील, हे गणित घराघरांत मुलांनी सोडवले असणार, परंतु उत्तर मोठ्याने सांगितले नसणार.

या पहिल्या काळात मांडणीचे स्थळ म्हणजे मुलाचा खिसा, आणि मांडणीचे साधन म्हणजे रबरबँड. रबरबँडने गठ्ठ्यातील वरच्या आणि खालच्या कार्डाच्या कडांना जी खाच पडते, तिने पुढे लिलावांमध्ये केलेले नुकसान आगीने केलेल्या नुकसानीच्या पंक्तीला बसेल. पण खिशातल्या संग्रहाचा एक गुण नंतरच्या कोणत्याही पद्धतीला साधला नाही, तो असा की पाहणारा आणि दाखवणारा यांच्यात काच नव्हती. महाराष्ट्रात काड्यापेट्यांचे छाप जमवणाऱ्या पिढीने, आणि नंतर डब्ल्यूडब्ल्यूएफच्या कुस्तीगिरांचे ट्रम्प कार्ड कंपासपेटीत घालून शाळेत नेणाऱ्या नव्वदच्या दशकातील पिढीने, हीच पद्धत कोणत्याही परदेशी मार्गदर्शनाशिवाय शोधून काढली होती. तीत संग्रहाचे प्रदर्शन मधल्या सुटीत भरे आणि शिक्षक वर्गात येताच समाप्त होई, क्वचित जप्तही होई.

पहिला अधिकृत तह अल्बमने घडवून आणला. १९३०च्या दशकात ब्रिटिश सिगारेट कंपन्यांनी पाठीला डिंक लावलेली कार्डे काढली आणि ती चिकटवण्यासाठी एका पेनीला मिळणारे अल्बम दुकानांत ठेवले. अल्बममध्ये प्रत्येक क्रमांकासाठी छापील चौकट असे, आणि चिकटवल्यावर पाठीवरचा मजकूर कायमचा नाहीसा होणार म्हणून तोच मजकूर चौकटीखाली छापलेला असे. वरवर पाहता ही मुलांची सोय होती. प्रत्यक्षात अल्बम हे जवळ असलेली कार्डे दाखवण्याचे साधन नव्हतेच; ते नसलेली कार्डे दाखवण्याचे साधन होते. एकोणपन्नास कार्डे लावलेले आणि एक चौकट रिकामी असलेले पुस्तक पाहुण्याच्या हाती दिले, तर पाहुणा एकोणपन्नास कार्डांवरून नजर फिरवून रिकाम्या चौकटीवर बोट ठेवतो आणि सहानुभूतीने विचारतो, “हे नाही मिळालं वाटतं?” मानवी स्वभावाचा हा अभ्यास कंपन्यांनी कोणत्याही मानसशास्त्रज्ञाच्या मदतीशिवाय केलेला दिसतो. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई होऊन १९४० मध्ये ब्रिटिश सिगारेट कार्डे बंद झाली, तेव्हा किती चौकटी कायमच्या रिकाम्या राहिल्या असतील याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

याच काळातील एका प्रयोगाचा उल्लेख येथे केला पाहिजे, कारण त्यात मांडणीचा प्रश्न कार्ड छापणाऱ्यानेच परस्पर सोडवला होता. विल्स कंपनीने फ्रान्स हाल्स या डच चित्रकाराच्या हसऱ्या सरदाराचे प्रसिद्ध व्यक्तिचित्र अठ्ठेचाळीस तुकड्यांत कापून एकेक तुकडा एकेका कार्डावर छापला, म्हणजे सगळी कार्डे मिळवून योग्य क्रमाने लावली की भिंतीवर अखंड सरदार उभा राहावा. कल्पना उत्तम होती. तिच्यातील वैगुण्य इतकेच, की सत्तेचाळीस कार्डे मिळालेल्या संग्राहकाला आपले चित्र लावता येत असे खरे, पण नेमके नाकाचे कार्ड मिळालेले नसेल तर सरदार कशाला हसतो आहे याविषयी पाहणाऱ्यांचे वेगवेगळे तर्क सुरू होत. उलट मालिकेतील बाहीचे किंवा पार्श्वभूमीच्या करड्या कोपऱ्याचे कार्ड दुबार, तिबार निघे. ते अदलाबदलीत देऊ केले, तर घेणाऱ्याला त्याच्याकडे आधीच असलेल्या करड्या कोपऱ्याहून हा कोपरा वेगळा आहे हे पटवून द्यावे लागे.

कल्पकतेच्या दृष्टीने मात्र या साऱ्या काळातील श्रेष्ठ मांडणी संग्राहकांनी केलेली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिका आणि ब्रिटनमधील तंबाखू कंपन्यांनी पुठ्ठ्याऐवजी रेशमी कापडावर छापलेली चित्रे पाकिटांबरोबर देण्यास सुरुवात केली, त्यांवर देशोदेशींचे झेंडे, फुले, फुलपाखरे, पलटणींची चिन्हे आणि नट्यांचे मुखडे असत, आणि घरातील स्त्रियांनी ती गोळा करून त्यांच्या गोधड्या, उशांचे अभ्रे आणि मेजावरचे आच्छादन शिवून टाकले. पुरुषांच्या दोन पिढ्यांनी ज्या प्रश्नावर अल्बम, चौकटी आणि पेट्या शोधल्या, तो प्रश्न त्यांनी सुई-दोऱ्याने निकालात काढला : संग्रह सर्वांना दिसतो, रोज हाताळला जातो, हिवाळ्यात ऊबही देतो, आणि एखादे चित्र कमी पडले तर तेथे जुन्या परकराचा तुकडा लावता येतो. वस्तुसंग्रहालयांत आज अशा गोधड्या जपून ठेवलेल्या आहेत. त्यांखाली झोपलेला गृहस्थ डोक्याशी बेल्जियमचा झेंडा आणि पायाशी एखादी नटी घेऊन झोपत असे, याविषयी घरात काही मतभेद होते की नाही, हे गोधड्यांवरून कळत नाही.

दोन बाजूंच्या पेचावर ब्रिटिश चौकटकारांनी दोन्हीकडून काच असलेली चौकट काढली. पुठ्ठ्याला कार्डाच्या मापाच्या खिडक्या पाडायच्या, त्यांत कार्डे बसवायची, पुढे-मागे काच लावायची, म्हणजे चित्रही दिसते आणि चौकट उलटवली की मजकूरही. तत्त्वतः हा तोडगा निर्दोष आहे. व्यवहारात एकदा खिळ्यावर चढलेली चौकट पुढच्या रंगकामापर्यंत कोणी उतरवत नाही, त्यामुळे मागच्या काचेचा लाभ फक्त पालीला होतो.

मांडणीच्या या इतिहासात जेफरसन बर्डिक यांचे स्थान वेगळे आहे, आणि त्यांच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथे एका विजेच्या वस्तूंच्या कारखान्यात सुटे भाग जोडण्याचे काम करणारे हे अविवाहित गृहस्थ सांधेदुखीने जखडलेले होते, आणि त्याच स्थितीत त्यांनी तीन लाखांहून अधिक चित्रकार्डे, जाहिरातपत्रे, शुभेच्छापत्रे आणि तत्सम छापील कागद जमवले, ज्यांत तीस हजारांहून अधिक नुसती बेसबॉलची कार्डे होती. अविवाहित हा तपशील चरित्रकारांच्या दृष्टीने किरकोळ असेल. संग्राहकांच्या दृष्टीने तो तीन लाख या आकड्याचे स्पष्टीकरण आहे. १९३९ मध्ये त्यांनी अमेरिकन कार्डांची पहिली व्यवस्थित सूची छापली आणि प्रत्येक मालिकेला अक्षर व अंक मिळून एक संकेत दिला, जसे की विसाव्या शतकातील तंबाखूच्या कार्डांना ‘टी’. आज ज्याला टी-२०६ म्हणतात, तो १९०९ ते १९११ या काळातील जगप्रसिद्ध संच हे नाव बर्डिक यांच्या वहीतून घेऊन आला आहे.

हा संग्रह त्यांनी १९४७ पासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयाला दिला, आणि मुद्राचित्र विभागाचे प्रमुख हायट मेयर यांनी तो स्वीकारला, पण लावण्याचे काम दात्यानेच करायचे असे ठरले. रेम्ब्रांट आणि ड्यूरर यांची चित्रे जेथे ठेवतात त्या विभागात एका मेजाशी बसून बर्डिक यांनी वर्षानुवर्षे, बोटे वाकेनाशी झालेली असताना, एकेक कार्ड अल्बमच्या पानांवर चिकटवले. १९६३च्या १० जानेवारीला त्यांनी शेवटचे काम संपवले, निरोप घेतला, दुसऱ्या दिवशी रुग्णालयात दाखल झाले आणि दोन महिन्यांनी निवर्तले. इतकी निष्ठा फार थोड्या दात्यांत दिसते, आणि येथपर्यंत आजचा संग्राहकही मान लवून ऐकतो. ‘चिकटवले’ हे क्रियापद कानी पडताच मात्र त्याचा चेहरा पालटतो. एकेका कार्डाची पाठ कायमची कागदाला जोडून टाकणे ही आजच्या बाजारात अक्षम्य कृती आहे, आणि जगातील सर्वोत्तमांपैकी एक गणल्या जाणाऱ्या या संग्रहाचा उल्लेख झाला की जाणकारांच्या मनात आदर आणि कळ एकाच वेळी उठतात. बर्डिक यांना मात्र बाजाराशी कर्तव्य नव्हते. सगळी कार्डे एका ठिकाणी, एका क्रमाने, कोणालाही मागून पाहता येतील अशी राहावीत एवढेच त्यांना हवे होते, आणि डिंकामुळे ती अदलाबदलीतून कायमची बाहेर पडली, हा त्यांच्या पद्धतीचा दोष मानायचा की हेतू, हे सांगणे तितकेसे सोपे नाही. संग्रहालय त्यांतली बेसबॉलची कार्डे एका वेळी थोडी, आळीपाळीने दालनात मांडते. कागदावरील छपाईसाठी संग्रहालये साधारणपणे पन्नास लक्सच्या आसपास, म्हणजे संध्याकाळी दिवे लावण्याआधी घरात जेमतेम वाचता यावे इतकाच, उजेड ठेवतात, आणि काही महिन्यांनी कार्डाला पुन्हा अंधारात विश्रांतीला पाठवतात. मांडणीविषयी तज्ज्ञांचे मत इतकेच दिसते की ती थोडी, मंद आणि लवकर संपणारी असावी.

बर्डिक संग्रहालयात डिंक लावत होते त्याच काळात अमेरिकेतील मुले त्याच प्रकारची कार्डे कपड्यांच्या चिमट्याने सायकलच्या दांडीला अशी अडकवत, की चाक फिरताना आरे कार्डावर आपटून मोटारसायकलसारखा फटफट आवाज निघावा. हा आवाज महाराष्ट्रातील मुलांनीही वहीच्या पुठ्ठ्याने काढलेला आहे. फरक असा की वहीचा पुठ्ठा पुढे लाखो डॉलरला गेला नाही. प्रदर्शनाला नाद आणि गती यांची जोड देणारी ही एकमेव पद्धत, आणि तिच्यातून कार्ड सुमारे आठवड्याभरात नामशेष होई. १९५२ च्या टॉप्स मालिकेत मिकी मँटल या बेसबॉलपटूचे ३११ क्रमांकाचे कार्ड होते. त्या मालिकेतील शेवटच्या तुकडीची न विकलेली खोकी गोदामात जागा अडवत होती, म्हणून कंपनीच्या साय बर्गर यांनी ती १९६० मध्ये पडावावर लादून न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून दूर अटलांटिक महासागरात बुडवली, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. २०२२ मध्ये या मँटल कार्डाची एक जवळजवळ निर्दोष प्रत १ कोटी २६ लाख डॉलरना विकली गेली. त्या प्रतीच्या मालकाने तिचे श्रेय आपल्या जतनाला द्यायला हरकत नाही, पण ज्या शेकडो मुलांनी आपापले मँटल चाकाला लावून संपवले, आणि ज्या पडावाने उरलेले समुद्राला दिले, त्यांचाही त्या किमतीत काही वाटा निघतो.

किमती वाढल्या तशी मांडणीची जागा आवरणाने घेतली. आजच्या जाणत्या संग्राहकाच्या परिभाषेत कार्ड आधी ‘स्लीव्ह’मध्ये, म्हणजे पातळ पारदर्शक पिशवीत जाते, तेथून ‘टॉपलोडर’मध्ये, म्हणजे वरून उघड्या असलेल्या कडक प्लॅस्टिकच्या पाकिटात, आणि योग्यता असल्यास ‘स्लॅब’मध्ये, म्हणजे तज्ज्ञांनी तपासून, एक ते दहा यांपैकी गुण देऊन, कायमच्या बंद केलेल्या प्लॅस्टिकच्या डबीत. अशी तपासणी करणारी पीएसए ही कंपनी १९९१ मध्ये निघाली, आणि तिने प्रमाणित केलेले पहिलेच कार्ड टी-२०६ संचातील होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचे होते. वॅग्नर यांनी आपले चित्र तंबाखूबरोबर विकायला हरकत घेतल्याने हे कार्ड फारच थोडे छापले गेले, असे सांगतात. ही विशिष्ट प्रत हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की यांनी एका भागीदारासह त्याच वर्षी ४,५१,००० डॉलरना घेतली होती, आणि तिला दहापैकी आठ गुण मिळाले. ऐंशी वर्षांच्या कागदाच्या कडा इतक्या रेखीव कशा, याविषयी कुजबुज बरीच होती. २०१३ मध्ये, ही प्रत एकेकाळी विकणाऱ्या बिल मास्ट्रो या लिलावदाराने न्यायालयात कबूल केले की तिच्या कडा त्याने स्वतः कापून सरळ केल्या होत्या. डबी मात्र तशीच आहे, गुणही तसेच आहेत, आणि प्रसिद्धीही ओसरली नाही. कारण तोवर हे कार्ड कडा कापलेले कार्ड म्हणून इतके प्रसिद्ध झाले होते, की कात्रीलाही ऐतिहासिक मूल्य प्राप्त झाले होते.

स्लॅबमुळे कार्ड सुरक्षित झाले, पण दिसते ती डबी, तिच्या माथ्यावरची चिठ्ठी आणि चिठ्ठीवरचा आकडा. पाहुण्याला पोकेमॉनचे कार्ड दाखवताना ‘हा पिकाचू पाहा’ असे म्हणण्याऐवजी ‘हा दहा आहे’ असे सांगण्याची रीत पडली आहे. याचे टोक २०२२ मध्ये गाठले गेले. जपानमध्ये १९९७-९८च्या सुमारास कोरोकोरो या बालमासिकाच्या चित्रस्पर्धांतील विजेत्यांना बक्षीस म्हणून दिलेले ‘पिकाचू इलस्ट्रेटर’ हे अत्सुको निशिदा यांनी चितारलेले कार्ड जगात मोजकेच आहे. त्याची दहापैकी दहा गुणांची प्रत लोगन पॉल या समाजमाध्यमांवरील प्रसिद्ध व्यक्तीने ५२ लाख ७५ हजार डॉलरना मिळवली, आणि ती हिरेजडित चौकटीत बसवून, साखळीने गळ्यात अडकवून, रेसलमेनिया या कुस्तीच्या महोत्सवात आखाड्यात उतरताना मिरवली. मौल्यवान वस्तू डबीत बंद करून गळ्यात घालण्याची पद्धत ताइताच्या रूपाने आपल्याकडे पूर्वापार आहे. फक्त ताइतात काय आहे हे कोणी विचारू नये असा संकेत असे, आणि येथे ते ध्वनिक्षेपकावरून जाहीर करण्यात आले. भिंत नको, अल्बम नको, मालक हीच चौकट, हा या पद्धतीचा विशेष होय. कुस्तीच्या आखाड्याहून कार्डासाठी अधिक धोक्याची जागा शोधूनही सापडली नसती, ही बाब विमा कंपन्यांसाठी सोडून द्यावी.

सामान्य संग्राहक इतक्या टोकाला जात नाही. तो लाकडी पट्ट्या, चुंबकी पाट्या, नऊ खणांची पारदर्शक पाने आणि काचेखालचे चहाचे मेज यांवर भागवतो. काही हौशी लोक कार्डावरचे चित्र भोवतीच्या चौकटीवर रंगवून पुढे वाढवतात, म्हणजे कार्डात अर्धाच दिसणारा डोंगर चौकटीत पायथ्यापर्यंत पोचतो आणि मूळ चित्रकाराने हुशारीने टाळलेले पाय दुसऱ्याच कोणाला काढावे लागतात. त्याहून पुढची पायरी म्हणजे खोल चौकटीतील कापीव चित्र : एकाच कार्डाच्या पाच-सहा प्रती घ्यायच्या, पहिलीतून फक्त प्राणी, दुसरीतून झाड, तिसरीतून ढग असे कोरून काढायचे, आणि मध्ये फोमचे तुकडे घालून ते थर एकावर एक बसवायचे, म्हणजे चित्राला खोली येते. परिणाम खरोखर देखणा असतो. एक कार्ड दाखवण्यासाठी पाचांचा बळी देणारी ही एकमेव पद्धत असल्याने तिच्याविषयी संग्राहकांमध्ये दोन तट आहेत, आणि ज्यांच्याकडे दुबार प्रती भरपूर आहेत ते बहुधा तिच्या बाजूने असतात.

मुंबई-पुण्याच्या घरांत या साऱ्या पद्धतींना आणखी एक परीक्षा द्यावी लागते, ती पावसाळ्याची. चकाकत्या कार्डात कागदावर धातूसारखा एक पातळ थर असतो. दमट हवेत कागद पाणी शोषून फुगतो, हा थर फुगत नाही, आणि दोघांच्या या मतभेदात कार्ड कमानीसारखे वाकते. त्यावर उपाय म्हणून बुटांच्या खोक्यांतून आणि औषधांच्या बाटल्यांतून निघालेल्या सिलिका जेलच्या पुड्या साठवल्या जातात, ज्यांचा संग्रह यथावकाश कार्डांच्या संग्रहाहून मोठा होतो. मऊ प्लॅस्टिकची स्वस्त पाने छपाईला चिकटतात. लग्नाच्या फोटोंसाठी एकेकाळी घरोघर असलेले चिकट पानांचे अल्बम तर त्याहून घातक, कारण त्यांत ठेवलेले कार्ड बाहेर काढताना निम्मे आतच राहते. कसर नावाचा रुपेरी किडा कागद आणि खळ यांत भेदभाव करत नाही. आणि पश्चिमेच्या भिंतीवर लावलेल्या कार्डातील लाल आणि पिवळा रंग दोन-तीन उन्हाळ्यांत उडून गेला, की आग ओकणारा प्राणी वाफ सोडताना दिसू लागतो.

निसर्गाहून बिकट प्रश्न जागेचा असतो. मराठी मध्यमवर्गीय दिवाणखान्यात मांडणीयोग्य अशी एकच जागा, ती शोकेस, आणि तिच्यातील प्रत्येक फळी आधीच वहिवाटीने दिलेली असते : वरची चांदीच्या मुलाम्याच्या गणपतींना, मधली शालेय चषकांना, खालची कधीही न वापरलेल्या कपबश्यांच्या संचाला. येथे नवा भाडेकरू घुसवणे ही कायदेशीर नव्हे तर राजनैतिक बाब असते, आणि “त्या कपबश्यांच्या जागी हे पत्ते मांडू का?” या प्रश्नाचे उत्तर बहुधा प्रश्नानेच मिळते. वस्तू मांडण्याची कला समाजाला अवगत नाही असे मुळीच नाही. साबुदाण्याची बाग, कापसाची बाहुली आणि नारळांचे नवरा-नवरी यांनी मेजे भरून टाकणारे रुखवत हे मांडणीशास्त्राचे प्रगत रूपच म्हणावे लागेल. पण ते एका दिवसात आटोपते, आणि कार्डांचा संग्राहक नेमकी तेवढी सवलत द्यायला तयार नसतो. सावंतवाडीच्या गंजिफा रंगवणाऱ्यांनी हा प्रश्न फार पूर्वी ओळखलेला दिसतो : दशावतारी गंजिफेचे एकशेवीस गोल पत्ते ज्या लाकडी पेटीत राहतात, ती पेटीच चारही बाजूंनी इतकी सुंदर रंगवलेली असते, की ती बंद ठेवूनही यजमानाचे समाधान होते आणि पाहुण्याचेही.

या सर्व प्रयोगांनंतर अनुभवी संग्राहक ज्या तोडग्याशी येऊन थांबतात, तो असा की मूळ कार्ड स्लीव्हमध्ये, स्लीव्ह टॉपलोडरमध्ये, टॉपलोडर डब्यात, डबा कपाटात आणि शक्य झाल्यास बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायचा, आणि भिंतीवर त्याची चांगल्या कागदावर काढलेली रंगीत प्रत लावायची. प्रत उन्हात ठेवता येते, हाताळता येते, मुलांच्या हाती देता येते, आणि पाहुण्यांना फरक कळत नाही. अडचण इतकीच येते, की उत्तम प्रत काढायला पैसे पडतात, तिच्यासाठी केलेली चौकट तर त्याहून महाग असते, आणि रोज नजरेसमोर असल्याने काही महिन्यांत संग्राहकाचा जीव मूळ कार्डापेक्षा तिच्यातच अधिक गुंततो. मग तिच्यावर ऊन येते म्हणून पडदा बदलला जातो, पाहुण्यांना काचेला बोट लावू नये अशी विनंती केली जाते, पहिल्या पावसाच्या आधी ती खाली उतरवून पिशवीत घालून ठेवली जाते, आणि तेवढ्या दिवसांसाठी रिकाम्या खिळ्यावर टांगायला तिचीच एक साधी झेरॉक्स काढून आणली जाते.